नाकाच्या एक बोट अलीकडे

रविवार, मार्चचा पहिला आठवडा, सकाळ. जागा: मूलच्या एका राइस मिलमागचं धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण. रविवारी ते आमच्या कराटे वर्गाला मोकळं असतं. हजर: लहान गट पूर्ण, मोठा गट निम्मा, कारण बाकीच्यांची परीक्षा. शिवाय माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी, एक पोलीस शिपाई आणि एक वनरक्षक. वनरक्षकाची आई, कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावाहून पहिल्या बसनं निघून आलेली. आणि मी.

हजेरी घेतल्याशिवाय मला कुठलंही काम सुरू करता येत नाही. शाळेत खेळ शिकवण्यात अर्धं आयुष्य गेलं की असं होतं. त्या दिवशी कामं तीन होती: लहान गटाच्या पिवळ्या पट्ट्याची तयारी, मोठ्या गटाचे स्पर्धेचे अर्ज आणि वनरक्षक. पहिली दोन ऊन तापायच्या आत उरकली. तिसऱ्याबद्दल हे लिहिते आहे.

तिचा डावा हात त्याच आठवड्यात गळ्यातल्या पट्ट्यातून बाहेर आला होता. हासळीचं हाड सांधलं होतं, आजारपणाची रजा संपली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला तिच्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं: परत जंगलातल्या बीटवर, म्हणजे तिच्या गस्तीच्या हद्दीत, जायचं, की लाकूड आगारात टेबलावर बसायचं. आगारातली जागा साहेबांनी आपणहून देऊ केली होती. ती एकदा घेतली की बीट परत मिळणं कठीण, हे तिलाही माहीत होतं. तिला बीटच हवा होता. पण तिनं स्वतःला एक अट घातली होती, आणि ती पुरी करायला ती माझ्याकडे आली होती.

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मूलच्या वसतिगृहात राहून शिकत होती. आठवडाभर पटांगणाच्या कडेला चिंच चोखत उभी राहायची. मग एका रविवारी पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, इथी पोरीले मारू देते का?"

मी म्हटलं, "मारायचं कसं ते शिकवते. मारू देत नाही."

"मंग काय फायदा?" ती म्हणाली, पण चपला काढून रांगेत उभी राहिली.

आमच्या वर्गात एक पद्धत आहे, ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मिलमध्ये तांदळाची कणी पडलेली असते, ती दळून आणायची. समोरच्या मुलीच्या नाकाच्या शेंड्यावर चिमूटभर पीठ लावायचं. ठोसा पूर्ण वेगानं सोडायचा आणि नाकाच्या एक बोट अलीकडे थांबवायचा. मुठीला पीठ लागलं तर हरलीस. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा पुढचा दात गेला होता आणि दुसऱ्या रविवारी अर्धा वर्ग आलाच नव्हता. तेव्हापासून हे पीठ. स्पर्धेतही तेच लागतं. आमच्या प्रकारच्या कराटेत चेहऱ्यावर जोरात लागलं तर गुण मिळत नाही, ताकीद मिळते. वेगात आत शिरायचं, थांबायचं, हात मागे ओढून ताठ उभं राहायचं, की रेफरीचा झेंडा वर जातो.

तिच्या मुठीला पीठ लागलेलं मला आठवत नाही. पहिल्या वर्षीही नाही. चंद्रपूरला जिल्ह्याची स्पर्धा जिंकली, मग विभागाची, मग राज्याचं पदक आलं. पदकामागून प्रमाणपत्र आलं, प्रमाणपत्रामागून खेळाडूंच्या राखीव जागेतून वनरक्षकाची नोकरी. त्या वर्षी माझ्या वर्गात एवढी गर्दी झाली की दोन गट करावे लागले.

आमच्या भागात कराटे म्हणजे भरती, हे मी केव्हाच मान्य केलं आहे. आईबाप पहिल्या दिवशी विचारतात, "मॅडम, यानं नोकरी लागते का?" यानं मारता येतं का, हे कुणी विचारत नाही. आणि नोकऱ्या लागतातही. माझी एक मुलगी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीच्या गेटवर गणवेशात उभी असते. एक गडचिरोलीत जिममध्ये बायकांना घाम गाळायला लावते. एकीनं सासरी सांगितलंच नाही, तिचा तपकिरी पट्टा पेटीत साड्यांच्या तळाशी आहे आणि भेटली की कराटेतल्या ठरलेल्या हालचालींबद्दल कानात विचारते, "मॅडम, काता आठवते का तुम्हाले अजून?" मी या सगळ्यांचा हिशोब यशात धरत आले. वर्गातून बाहेर पडल्यावर त्यांचा हात कुठे आणि कसा चालतो, हे पाहायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

ती वेळ फेब्रुवारीच्या सुरुवातीला आली. वनरक्षकाच्या वसतिगृहातल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला की ती गडचिरोलीच्या दवाखान्यात आहे. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पिशवीत टॉवेल, बिस्किटं, थर्मास आणि चार्जर घेतला आणि गेले. ती खाटेवर सरळ झोपली होती, डावा खांदा बांधलेला. मी सामान लावून घेतलं आणि मग विचारलं.

झालं ते असं. सकाळी ती सोबतच्या वनमजुराला घेऊन बीटवर फिरत होती. नाल्याच्या काठानं दोघं जण सायकलींवर सागाचे तुकडे बांधून नेताना दिसले. एक सायकल टाकून पळाला, वनमजूर त्याच्या मागे धावला. दुसऱ्याच्या सायकलचं हँडल तिनं धरलं. त्या माणसाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, पातं नसलेला.

"तो दांडा उचलून राह्यला होता, मॅडम," ती म्हणाली. "मी आत शिरली. बरोब्बर शिरली. हात गेला नाकापाशी. आन थांबला."

"मग?"

"मंग मी हात मागं ओढला आन उभी राह्यली."

"उभी राहिलीस म्हणजे?"

ती पंख्याकडे बघत होती. "झेंड्याची वाट पाहून राह्यली."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं आणि लगेच विरलं. मी खाली वाकून खाटेखालची पिशवी उगाच सरळ केली.

"तो बी थांबला," ती म्हणाली. "त्याले वाटलं, आता लागते. डोये मिटले त्यानं. मंग उघडले, पाह्यलं का कायीच झालं नाई. आन हाणला."

दांडा हासळीवर बसला. माणूस सायकल टाकून पळाला. लाकूड जप्त झालं, दोघांपैकी कुणी सापडलं नाही.

"ओळखीचा होता का?" मी विचारलं.

"नाई. पण तसाच दिसते न आमच्याकडला कोणी बी. बारीक, गालफडं बसलेला. माह्या भावावानी."

"म्हणून थांबलीस?"

"तेच त समजून नाई राह्यलं. सवयीनं थांबला का म्या थांबवला? तुम्ही सांगा न. हात तुमचाच हाय."

मी म्हटलं, विचार करून सांगते. मी सहसा असं म्हणत नाही.

ऑफिसात गोष्ट तिच्या आधी पोचली होती. वनमजुरानं परत येताना लांबून सगळं पाहिलं होतं आणि जसं पाहिलं तसं सांगितलं होतं: बाईनं हात नेला आणि मारला नाही. मग कुणी म्हणे, "राज्य पातळीचा नमस्कार घातला चोराले." कुणी तिच्या मोबाइलवर पदकाचा फोटो पाठवला आणि खाली हात जोडलेली चित्रं. तिनं ते मला हसत दाखवलं. ते हसू चांगलं नव्हतं.

तिचे साहेब मला दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटले. भला माणूस. म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, लागला नाही तेच बरं झालं. नाक फुटलं असतं तर उद्या सगळं गाव ऑफिससमोर बसलं असतं. वरून चौकशी आली असती ते वेगळंच. तुम्ही शिस्त चांगली लावली आहे."

"तिची हासळी मोडली आहे, साहेब."

"हो, ते आहेच. म्हणून तर म्हणतो, आगारात येऊ द्या तिला. मोजमाप, नोंदी, पंख्याखाली काम. पोरीची जात, मॅडम. समजावा तुम्ही."

मी घरी येऊन एका कागदावर दोन रकाने पाडले, बीट आणि आगार. दोन्हीकडे लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. पण ज्या प्रश्नावर तिचं सगळं अडलं होतं तो कुठल्याच रकान्यात बसेना. कागद तसाच ठेवून मी भाजी चिरायला घेतली.

शनिवारी तिचा फोन आला. "मॅडम, उद्या येते. माय बी येते, थांबतच नाई. मले एक ठोसा मारून पाह्यचा हाय. लागला त बीट, नाई लागला त आगार."

"पॅडवर मार की."

"पॅडवर मारला. पोत्यावर मारला. भिताडावर मारला, बोटं बी सोलली. तिथी लागते. तोंड पायजे, मॅडम."

म्हणून रविवारी मी शाळेतून समोर पारदर्शक काच असलेलं हेल्मेट आणलं. पोलिसातल्या मुलीलाही मीच बोलावलं, कारण प्रत्यक्षात हात चालवलेली माझ्या ओळखीची ती एकटी. लहान गट घरी गेला. मोठ्या गटाला मी पाणी प्यायला पाठवलं, तर त्या नळापाशी रांगेत उभ्या राहून इकडेच बघत राहिल्या.

वनरक्षकाची आई मिलच्या ओट्यावर बसली होती. चहा दिला तो तिनं बशीत ओतून संपवला आणि बशी पालथी ठेवली. "बाई," ती मला म्हणाली, "हे काय खूळ भरवून राह्यले तुम्ही? हात थांबला ते चांगलं नाई झालं का?"

"माय, हासळी तुही नाई मोडली," मुलगी म्हणाली.

"मोडली अस्ती त चाललं अस्तं. आपल्या घरावरचं लाकूड कुठचं हाय? तुहा बाप सायकलवर काय आणते, वांगे? उद्या त्याच्या नाकावर मारशीन?"

"बाप दांडा उचलत नाई."

"पोट खपाटीले गेलं का कोणी बी उचलते."

पोलिसातली मुलगी मध्ये पडली. तिचा आवाज बंदोबस्तातला, म्हणजे मोठा. "मावशी, तुम्ही बसा. पाह्य वो," ती वनरक्षकाला म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये पयल्याच दिवशी उस्तादानं मले मैदानात लोळवलं. म्हणे, हे काय नाटक करून राह्यली तू हातानं? महिनाभर रोज मार खाल्ला. मॅडमचं पीठ मी तिथंच झटकलं. एकदा झटकलं का झटकलं."

"मग तू शिकव तिला," मी म्हटलं.

तिनं टोपी काढून परत घातली. मग जरा हळू म्हणाली, "मार्कंड्याच्या जत्रेत बंदोबस्ताले होती मी. गर्दीत एकाचा हात एका बाईच्या गळ्यापाशी दिसला, मी हाणला. दोन दात पडले. मागून समजलं, तो तिचा नवरा होता. माळ अडकली होती केसात, ते सोडवून राह्यला होता."

नळापाशी कुणीतरी फिस्सकन हसली.

"हसा, हसा," ती म्हणाली. "तो अजून येते माह्या स्वप्नात. बिनदाताचा."

यावर वनरक्षकाची आईही हसली. त्यामुळे जरा बरं वाटलं, पण प्रश्न होता तिथेच राहिला. एकीचा हात थांबला म्हणून हाड गेलं, एकीचा थांबला नाही म्हणून दुसऱ्याचे दात. दोघी माझ्याच पटांगणातून गेल्या होत्या.

मी हेल्मेट घातलं आणि उभी राहिले. मी पन्नाशीला आले आहे, पण उभं राहता येतं. "चल," मी म्हटलं. "खांद्याला झटका बसता कामा नये. उजवा हात, एकच ठोसा, सरळ काचेवर."

ती वाकली नाही, नमस्कार केला नाही. ते तिनं मुद्दाम टाळलं असावं. पाऊल पुढे आलं आणि हात आला. मी डोळे उघडे ठेवले होते. मूठ काचेच्या अलीकडे येऊन थांबली. बोटांवरचे भिंतीचे ओरखडे मला दिसत होते.

"पुन्हा."

पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी मी ओरडले, "मार!" शाळेच्या मैदानावर पार टोकाला पोचतो तो माझा आवाज आहे. मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मूठ थांबली. या वेळी तर आणखी लवकर.

तिला घाम फुटला होता. "तुम्ही मारा, मॅडम," ती म्हणाली. "मारतात कसं ते दाखवा. पाह्यलं का जमते मले, तुम्हाले माहीत हाय."

हे खरं होतं. तिला तोंडी सांगून कधीच काही येत नसे, करून दाखवलं की येई. मी हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीचा पट्टा आवळला, डाव्या खांद्याला धक्का लागणार नाही अशी तिला उभी केली. काचेमागे तिचे डोळे मोठे दिसत होते. मी पाय रोवले आणि हात सोडला.

माझा हात थांबला. नाकाच्या एक बोट अलीकडे.

मला वाटलं, अंतर चुकलं. मी पाऊल पुढे घेतलं, खांदे सैल केले, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा मी ठरवून, दात आवळून मारला, तर कोपर मध्येच असं आखडलं की माझंच मनगट दुखलं. नळापाशी मुली पुढे सरकल्या. त्या मुलींनी मला कुठलीही गोष्ट करून दाखवताना चुकलेलं पाहिलं नव्हतं.

"मी मारून दाखवू का?" पोलिसातली म्हणाली.

ओट्यावरून आई म्हणाली, "एकाच माळेचे मणी हाव तुम्ही दोघी." मग उठली, आली, पदरानं लेकीची मान पुसली आणि हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागली. तो तिला सुटेना, मी सोडवला.

दवाखान्यातल्या तिच्या प्रश्नाचं उत्तर देण्यासारखं माझ्याकडे आता निदान अर्धं काहीतरी होतं. "सवय आहे," मी तिला म्हटलं. "निदान माझी तरी सवयच आहे. तुझ्यावर मला दया यायचं कारण नव्हतं. काच होती मध्ये."

ती खाली बसली, पाणी प्यायली. तिच्या आईनं बोलायला तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला. "बीटवर जाते मी."

"आन तुही ती अट?" आई म्हणाली. "नाई लागला त आगार, असं तूच म्हणत होती न?"

"म्हणली होती. अट तशीच राह्यली, जमली नाई."

"मंग?"

"आगारात बसली त जमणारच नाई कधी. तिथी कोण दांडा उचलते? वर्षभर लाकडं मोजीन आन वाटत राहीन, जमलं अस्तं का नस्तं." मग माझ्याकडे वळून, "बरोबर हाय का चूक हाय, मॅडम?"

मी सांगितलं, मला माहीत नाही. आणि माहीत नसताना करता येण्यासारखं जे होतं ते करायला घेतलं: एकटीनं जायचं नाही, वनमजुराला चोरामागे पळू द्यायचं नाही, शिट्टी गळ्यात हवी, रिकाम्या हाताच्या माणसाची सायकल धरायची, दांडावाल्याची नाही. ती मान हलवत होती. आई ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "यातलं मारायचं त कायीच नाई." ते खरं होतं.

दुपारच्या बसनं दोघी गेल्या. आईनं जाताना माझ्या हातात मोहाच्या लाडवांची पुडी दिली. सोमवारी लेक बीटवर हजर झाली. साहेबांचा मला फोन आला, आवाज नाराज होता: "समजावता आलं असतं तुम्हाला, मॅडम." मी म्हटलं, प्रयत्न केला. कसला, ते सांगितलं नाही.

त्यानंतर मी वर्गाच्या पालकांना एकदा एकत्र बोलावलं. म्हटलं, मोठ्या गटाला थांबवण्यासोबत न थांबवणंही शिकवायला हवं, हेल्मेट घालून, माझ्या देखरेखीखाली. एका वडलांनी विचारलं, "स्पर्धेत ताकीद बसते ना त्याची? मग सवय मोडली तर पदकाचं काय?" त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या मुलीचं राज्याचं वर्ष आहे. एक आई म्हणाली, "शिकवा. पण माह्या पोरीच्या तोंडावर नको, दुसरीच्या." सगळे हसले आणि चहा घेऊन गेले. हो कुणी म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दर शनिवारी मी रविवारच्या कामांत लिहिते: मोठा गट, ठोसा लागू देणे. हेल्मेटही नेते. पटांगणात गेल्यावर आधी काता घेते, मग पायांचं काम घेते, मग ऊन चढतं. आणि आधी मलाच जमायला हवं, ते आहेच.

वनरक्षकाचा रविवारी संध्याकाळी फोन येतो, बीटच्या नाक्यावर टॉवर लागतो तिथून. हाड दुखतं का, सोबत कोण होतं, शिट्टी आहे ना, हे मी विचारते. मग ती विचारते, "मॅडम, झाला का तुमचा ठोसा?"

"नाही. तुझा?"

"नाई, अजून नाई."